मुखपृष्ठ कुणाचं?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तुमचं पत्र आलं त्यात विषय दिला होता, 'माझी मुखपृष्ठं'. मी उलट कळवलं की माझ्याबद्दल बोलेन, पण शेवटी आणि थोडंच. आधी मला दुसऱ्या एका बाईबद्दल बोलू द्या. तिची गोष्ट कळली नसती तर माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे हे मला सुचलंच नसतं. तिचं नाव अ‍ॅलिस कॉर्डेलिया मोर्स. अमेरिकेतली, १८६३ साली ओहायो राज्यात जन्मलेली, ब्रुकलिनमध्ये वाढलेली. काम माझंच, पुस्तकांची मुखपृष्ठं करण्याचं.

२००८च्या हिवाळ्यात मी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला होते. बाळ सव्वा महिन्याचं झालं तेव्हा जावई म्हणाले, "आई, इतके दिवस घरातच आहात. न्यूयॉर्कमध्ये काय बघायचंय सांगा." मी म्हटलं, पुस्तकांसंबंधी काही असेल तर दाखवा. लेकीनं शोधून काढलं की ग्रोलिए क्लबात मुखपृष्ठांचं एक प्रदर्शन लागलंय. गेलो. काचेच्या कपाटांत पुस्तकं मांडलेली, आणि सगळी मिटलेली! पुस्तकांचं प्रदर्शन म्हटलं की चांगलं पान उघडून ठेवतात. इथं मिटलेलं पुस्तक हेच चित्र. आणि सगळी एकाच बाईनं केलेली.

आधी थोडं कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या काळी तिकडे मुखपृष्ठ छापील कागदाचं नसायचं. पुठ्ठ्यावर कापड चढवायचं आणि त्या कापडावर पितळी ठशानं, उष्णता आणि दाब देऊन, नक्षी आणि अक्षरं उठवायची. सोनेरी हवं असेल तर सोन्याचा वर्ख. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा खर्च. कापडाचा स्वतःचा रंग तेवढा फुकट. म्हणून चांगली कलावंत कापडाचा रंग आधी पाहायची आणि तोच चित्रात धरायची. हे वाचलं तेव्हा मला आमचे दोन रंगांचे दिवस आठवले. जस्ताचे ब्लॉक, काळा आणि एक कुठलातरी रंग, आणि कागदाचा पांढरा हा तिसरा. या तिसऱ्याचे पैसे द्यावे लागत नाहीत म्हणून त्यातच सगळी करामत करायची.

१८८०च्या आसपासपर्यंत ही नक्षी बहुधा ठसे कोरणारे कारागीरच ठरवत. मग प्रकाशकांच्या लक्षात आलं की दुकानाच्या खिडकीत पुस्तक आधी कापडानं विकलं जातं, आणि ते चित्रकारांकडे वळले. त्यात स्त्रिया पुष्कळ होत्या. का? एक कारण म्हणजे कूपर युनियन. न्यूयॉर्कमधली ही संस्था पीटर कूपर या उद्योजकानं १८५९ साली काढली आणि तिथं मुलींना चित्रकलेचं शिक्षण फुकट मिळे. दुसरं कारण मात्र वेगळं. तैलचित्र ही पुरुषांची कला, आणि सजावट, नक्षी, वेलबुट्टी हे बाईला शोभेल असं काम. शिवाय घरी बसून करता येतं. (इथं तुमच्यापैकी काहीजणी हसलात. मीही तिथं हसले होते.)

अ‍ॅलिस कूपर युनियनमध्ये शिकली. मग काही वर्षं टिफनीकडे रंगीत काचकामात होती. टिफनी हे नाव तुम्ही दिव्यांवरून ऐकलं असेल. त्या प्रसिद्ध दिव्यांपैकी कित्येकांची कल्पना क्लारा ड्रिस्कॉल नावाच्या बाईची होती, हे तिची घरी पाठवलेली पत्रं सापडल्यावर जगाला कळलं. २००७ साली त्यावर प्रदर्शन झालं, म्हणजे तिच्या कामानंतर शंभर वर्षांनी. दिवा मात्र टिफनीचाच म्हणायचा. लग्न झालेल्या बाईला टिफनीच्या कारखान्यात ठेवत नसत, हेही जाता जाता सांगते.

१८८९च्या सुमारास अ‍ॅलिसनं टिफनी सोडलं आणि मुखपृष्ठं करायला लागली. स्क्रिबनर, हार्पर, पुटनम, सेंच्युरी, डॉड मीड, अशा मोठ्या प्रकाशकांसाठी तिनं केलेली ऐंशीवर मुखपृष्ठं आज माहीत आहेत. तिची एक शैली नाही. पुस्तक स्पेनबद्दल असेल तर मूरिश नक्षी, मध्ययुगातलं असेल तर गॉथिक, दरबारी गोष्ट असेल तर फ्रेंच वळणं. पुस्तक आधी वाचायचं, मग त्याच्या घरचे कपडे त्याला घालायचे. काही टीकाकारांना यात स्वतःचं काही नाही असं वाटतं. मला तसं वाटत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकात स्वतःला पुढे न आणता त्याला नेमकं शोभेल असं देणं ही फार अवघड गोष्ट आहे, आणि ती जमली की दिसत नाही.

याच धंद्यातल्या आणखी दोघींची नावं घेतली पाहिजेत. बॉस्टनची सारा वायमन व्हिटमन, लोकरीच्या व्यापाऱ्याची बायको, घरची श्रीमंत. हॉटन मिफ्लिनसाठी तिनं दोनशेहून अधिक मुखपृष्ठं केली, आणि सगळा धंदा तिच्यामुळे बदलला. तिच्या आधी मुखपृष्ठ म्हणजे जागा दिसली की भरायची. तिनं ती मोकळी सोडली. एक फांदी, एक चौकट, स्वतः वळवलेली अक्षरं, बस्स. १८९४ साली बॉस्टनच्या कला-विद्यार्थ्यांपुढे तिनं भाषण केलं. त्याचा सारांश माझ्या शब्दांत असा : हजारोंनी निघणाऱ्या, स्वस्तात विकायच्या, यंत्रानं ठसा मारायच्या वस्तूवर कलेचा हात कसा फिरवायचा, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे. ऑफसेटच्या काळातही मला याहून नेमका प्रश्न कुणी घातलेला नाही. दुसरी मार्गारेट आर्मस्ट्राँग, चित्रकाराच्या घरातली, अडीचशेवर मुखपृष्ठं करणारी. एकाच लेखकाची सगळी पुस्तकं एका घराण्यातली दिसावीत अशा मालिका तिनं केल्या. आज आपण जिला 'सीरीज डिझाइन' म्हणतो तीच कल्पना.

या दोघी सही करत. व्हिटमन एक जळतं हृदय काढायची, त्यात आपली आद्याक्षरं. आर्मस्ट्राँगचं एम आणि ए यांचं जोडाक्षर. अ‍ॅलिसच्या पुष्कळ मुखपृष्ठांवर मात्र काहीच नाही. मला वाटतं, व्हिटमनला कुणी 'सही काढा' म्हणणं शक्य नव्हतं. पोटासाठी काम करणारीला ठसा कोरणारासुद्धा म्हणू शकतो, बाई, एवढीशी अक्षरं भरून येतात, काढून टाका. माझ्या बाबतीत ब्लॉकवाल्यानं हे म्हटलेलं आहे.

१८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. त्यात एक 'स्त्रियांची इमारत' होती. ती सोफिया हेडन या तरुण मुलीनं आखली आणि तिला पुरुष वास्तुकारांच्या मानानं दहावा हिस्सा पैसे मिळाले. तिथं स्त्रियांनी लिहिलेल्या पुस्तकांचं हजारो ग्रंथांचं ग्रंथालय होतं. न्यूयॉर्क राज्याच्या स्त्रियांच्या मंडळानं मुखपृष्ठं, लाकूडकोरीव चित्रं आणि पुस्तकचित्रं यांची जी उपसमिती नेमली तिची प्रमुख अ‍ॅलिस होती. त्या इमारतीवर जो ग्रंथ निघाला त्यात चित्रकार स्त्रियांवरचं प्रकरण तिनं लिहिलं. म्हणजे दुसऱ्यांची नावं लिहून ठेवण्याचं काम तिनं तिशीतच केलं होतं.

पण त्या इमारतीचंही एक सत्य सांगायला हवं. कृष्णवर्णीय स्त्रियांनी व्यवस्थापक मंडळावर प्रतिनिधित्व मागितलं, ते नाकारलं गेलं. आयडा बी. वेल्सनं पुस्तिका काढून जगाला विचारलं की या प्रदर्शनात आम्ही का नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा, कवी पॉल लॉरेन्स डनबार, त्या प्रदर्शनात हैतीच्या दालनात फ्रेडरिक डग्लस यांच्या हाताखाली काम करत होता. सहा वर्षांनी, १८९९ साली, याच डनबारच्या कवितांचं 'पोएम्स ऑफ केबिन अँड फील्ड' हे पुस्तक निघालं. छायाचित्रं हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांसाठीच्या शिक्षणसंस्थेतल्या कॅमेरा क्लबची आणि सजावट अ‍ॅलिस मोर्सची. नावपानावर तसं स्पष्ट छापलेलं आहे. ते पान मी बराच वेळ बघत उभी होते.

त्याच काळात आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या, १८८६ ते १८८८. त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात छापलं गेलं. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर त्या फार आत्मीयतेनं बोलतात. रमाबाई शहराशहरांतून व्याख्यानं देत होत्या तेव्हा अ‍ॅलिस टिफनीकडे काचेवर काम करत होती. रमाबाईंना ज्या स्वतः कमावणाऱ्या, शिकलेल्या बायका दिसल्या, त्यांतलीच ही एक.

आता बांधणीच्या कारखान्यांकडे वळते, कारण कलावंताबद्दल बोलताना आपण तिथवर जात नाही. अ‍ॅलिसचं चित्र कापडावर उठायचं ते तिथं. मेरी व्हॅन क्लीक यांनी न्यूयॉर्कच्या बांधणी-कामगार स्त्रियांची पाहणी करून १९१३ साली पुस्तक लिहिलं. घड्या घालणं, फर्मे जुळवणं, शिवणं बायकांकडे. कापडावर सोन्याचा वर्ख पसरणंही बायकांकडे. दाबयंत्रावर पुरुष. त्याच राज्यात बायकांच्या रात्रपाळीला बंदी करणारा कायदा १९०७ साली न्यायालयानं रद्द ठरवला, आणि तो खटला ज्या बाईच्या रात्रीच्या कामावरून झाला ती पुस्तकबांधणीतली कामगार होती. बाईला पुरुषाइतकंच करार करण्याचं स्वातंत्र्य आहे, असं न्यायालय म्हणालं! १९१३ साली नवा कायदा करावा लागला, तो १९१५ साली टिकला. यावर आपल्यातही दोन मतं होतील. मी एवढंच म्हणते की त्या सोनेरी वेलीमध्ये दोन बायकांचा हात होता. एकीनं ती काढली, एकीनं तिच्यावर वर्ख अंथरला. पुण्यात पेठांमधल्या खोल्यांतून फर्म्यांच्या घड्या घालणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं पाहिल्या. माझं मुखपृष्ठ त्यांच्या हातून जायचं. त्यांचं नाव विचारावं असं मला कधी वाटलं नाही, हे इथं कबूल करते.

१८९७ साली अ‍ॅलिस पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी शाळेत चित्रकला शिकवायला गेली. प्रसिद्धी होती, काम होतं, मग का गेली? माझा अंदाज साधा आहे. मुखपृष्ठाचे पैसे एकदाच मिळतात. पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघाल्या तरी चित्रकाराला काही नाही. लग्न न केलेल्या बाईला पहिल्या तारखेचा पगार म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिकडे असतानाही काही मुखपृष्ठं तिनं केली. पुढे १९१०च्या आसपास कागदी वेष्टणं आली, प्रकाशकांचा पैसा त्या कागदाकडे गेला, कापड साधं झालं. तीसेक वर्षांत एक अख्खी कला संपली.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हे सगळं बोलले ती. १९२३ साली, साठ वर्षांची असताना, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, अ‍ॅलिसनं आपली अठ्ठावन्न मुखपृष्ठं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकली. कुणी मागितली नव्हती असं समजायला हरकत नाही, कारण तेव्हा या कापडी मुखपृष्ठांना जुनी फॅशन यापलीकडे किंमत नव्हती. सही नसलेली मुखपृष्ठं तिनं सांगितल्याशिवाय तिची म्हणून ओळखणार कोण? १९६१ साली ती गेली, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन. संग्रहाकडे कित्येक दशकं फारसं कुणी पाहिलं नाही. मग त्याच संग्रहालयात ग्रंथजतनाचं काम करणाऱ्या मिंडेल दुबान्स्की या बाईंनी तो हाती घेतला, सूची केली, चरित्र जुळवलं, आणि २००८चं ते प्रदर्शन झालं. ज्या ग्रोलिए क्लबात ते झालं तो १८८४ सालचा, आणि तिथं स्त्रियांना सभासद करून घेतलं १९७६ साली. अ‍ॅलिस हयात असताना तिथं पाहुणी म्हणूनच जाऊ शकली असती.

म्हणजे तिचं नाव राहिलं ते तिनं स्वतः बांधून ठेवलं म्हणून.

आता माझं. लग्न होऊन आले तेव्हा यांचा स्टुडिओ होता, यांच्या आडनावाचा. मी अभिनवमधून शिकलेली, अक्षरं माझी चांगली. १९७९ पासून मुखपृष्ठं बहुतेक मीच करायची. हे गिऱ्हाईक सांभाळायचे, ब्लॉकवाल्याकडे जायचे, छपाईवर उभे राहायचे. पुस्तकात छापून यायचं ते स्टुडिओचं नाव. यांनी माझं नाव लपवलं असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांच्या मनात आलं नाही, आणि माझ्या तरी कुठं आलं? घरचंच काम होतं. पोळ्या कुणी केल्या असं कुणी ताटावर लिहितं का?

२००१ साली हे गेले. तेराव्यानंतर एक प्रकाशक भेटायला आले. बावीस वर्षांचा संबंध, माणूस सज्जन. चहा घेतला, डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनी, आता आमच्या मुखपृष्ठांचं कसं होणार?" मी समोर बसले होते. माझ्या नखाला त्यांच्याच येणाऱ्या पुस्तकाचा निळा रंग लागलेला होता. त्या माणसाला खरोखरच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बघू, होईल काहीतरी." हे उत्तर मी का दिलं याचा विचार मी पुढची सात वर्षं केला, त्या काचेच्या कपाटापुढे उभी राहीपर्यंत.

तिकडून परतल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. साडेतीनशेच्या आसपास मुखपृष्ठं निघाली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायला घेतलं : चित्र मी, अक्षरं मी. जिथं चित्र यांचं होतं तिथं यांचं नाव लिहिलं. काही ठिकाणी धाकट्या नणंदेनं रंग भरले होते, ती तेव्हा कॉलेजात होती, तिचंही लिहिलं. फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "अगं वहिनी, ते कसलं काम!" म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी बघायला आली.

एक गोष्ट राहिली, ती तुमच्याबद्दलची आहे, रागावू नका. काल इथं मुक्कामाला होते तेव्हा तुमच्या मंडळाची जुनी प्रकाशनं चाळली. हुंड्यावरची, हिंसेवरची, आरोग्यावरची. अकरा पुस्तिका होत्या. मुद्रकाचं नाव सगळ्यांवर, तो तेव्हा कायदाच होता. मुखपृष्ठ कुणी केलं हे चारांवर आहे, सातांवर नाही. त्यातल्या आरोग्याच्या पुस्तिकेवरचं चित्र, ती डोक्यावर पाटी घेतलेली बाई, फार चांगल्या हातानं काढलेलं आहे. ती चित्रकार कदाचित याच सभागृहात असेल.

त्या सात पुस्तिका मी इथं टेबलावर ठेवल्या आहेत, शेजारी पेन्सिल आहे. माझ्या ट्रंकेतली तीन मुखपृष्ठंही सोबत आणली आहेत, ज्यांचे रंग कुणी भरले ते मला आठवत नाही. १९८४ ते ८६ या काळात आमच्याकडे दोन मुली कामाला यायच्या, त्यांच्यापैकी कुणाचे तरी असावेत. त्यांचा पत्ता कुणाला ठाऊक असेल तर चहाच्या वेळी मला सांगा.